गोळा कुठं पडला

जुलै उजाडला की आम्हा कारगिलवाल्यांना, म्हणजे १९९९ च्या त्या युद्धात असलेल्यांना, मागणी येते. शाळा, कॉलेजं, तरुण मंडळं, एखादी पतसंस्था. २६ तारखेच्या, कारगिल विजय दिवसाच्या, आसपास शाल, श्रीफळ आणि "मेजर, दोन शब्द बोला". आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. मी २०१६ साली हवालदार म्हणून निवृत्त झालो, पण ते कोण विचारतो. तर हे दोन शब्द बोलून बोलून इतके गुळगुळीत झाले होते की टाळ्या कुठं पडणार हे मला आधीच ठाऊक असायचं. १३ जूनला तोलोलिंगचं शिखर घेतलं, ४ जुलैला टायगर हिल, तोफखान्याचे अडीच लाखांवर गोळे आणि रॉकेटं, ५२७ शहीद. शेवटी घोषणा.

अशाच एका शाळेत मागच्या बाकावरच्या मुलानं हात वर केला. "काका, तुमचा गोळा कुठं पडला ते तुम्ही बघितलं का?" बाईंनी त्याला डोळ्यांनीच खाली बसवलं. मी म्हणालो, "नाही बघितलं," आणि उरलेलं भाषण ठरल्याप्रमाणे उरकलं. घरी येताना एसटीत मात्र तोच प्रश्न डोक्यात.

त्याआधी मी लिहीत नव्हतो असं नाही. नोकरीत असताना वह्या भरल्या होत्या. सिंहाची छाती, रक्ताचा टिळा, हिमशिखरं, भारतमाता. सेवेत असताना काही छापायचं तर आर्मी रूल २१ प्रमाणे आधी परवानगी घ्यावी लागते. मी कधी मागितली नाही, कारण लपवण्यासारखं त्यात काही नव्हतंच. तोफ नव्हती, लढाई झाली ते द्रास नव्हतं, मीही नव्हतो. मैदानावर कधी न गेलेल्या माणसानंही त्या कविता लिहिल्या असत्या, आणि बहुधा माझ्यापेक्षा बऱ्या लिहिल्या असत्या.

मी टीए होतो, म्हणजे टेक्निकल असिस्टंट. तोफखान्यात नसलेल्यांना हे जरा सांगावं लागतं. वर डोंगरात पायदळाबरोबर आमचा ओपी, म्हणजे टेहळणी चौकीवरचा, ऑफिसर असतो, सोबत रेडिओवाला. तो लक्ष्य बघतो आणि नकाशावरचा आकडा खाली पाठवतो. खाली कमांड पोस्टात आम्ही त्या आकड्यावरून दिशा, नळीची उंची, चार्ज (किती बारूद भरायची ते) काढायचा आणि तोफांना द्यायचा. तोफ बोलली की आम्ही वर कळवायचं, "शॉट." मग वरून दुरुस्ती येते. ऍड १००, लेफ्ट ५०, म्हणजे शंभर मीटर पुढं, पन्नास डावीकडे. द्रासला तर हिशेब आणखी किचकट. तिथली हवा विरळ, गोळ्याला अडवणारं कमी, त्यामुळे सपाटीच्या अंदाजापेक्षा तो पुढं जातो. आणि लक्ष्य म्हणजे डोंगराची सुरीच्या पात्यासारखी धार. जरा लांब गेला की गोळा धार ओलांडून मागच्या दरीत. काही बोफोर्स थेट डोंगर दिसेल अशा लावल्या होत्या, डायरेक्ट फायरला. आमच्या नव्हत्या. आमच्यासमोर एक उघडा उतार आणि त्याच्यावर आकाश. गोळा सुटायचा, अर्ध्या मिनिटानं किंवा त्याहून उशिरा कुठंतरी पडायचा, आणि कसा पडला ते आम्हाला रेडिओवरचा आवाज सांगायचा.

म्हणजे माझ्या युद्धाला मधोमध भोक आहे. भाषणात ते बुजवता येतं. कागदावर बुजवायला गेलो की लगेच कळायचं.

गावातले एक निवृत्त गुरुजी वाचनालय बघतात. त्यांना जुनी वही दाखवली. त्यांनी चष्मा वर करून चार पानं वाचली आणि म्हणाले, "मेजर, यात तुम्ही कुठाय?" मग त्यांनी मला अभंग लिहायला बसवलं. मोठा अभंग, देवद्वार छंद. सहा अक्षरं, सहा, सहा आणि शेवटी चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. "जागा कमी पडली की माणूस आधी विशेषणं टाकून देतो," हे त्यांचं कारण. मला ते आवडलं ते वेगळ्या कारणानं. आकडे मोजणं हा माझा धंदाच. मुक्तछंदात मी वाहवत जायचो. सहा-सहा-सहा-चार म्हटल्यावर हात सरळ चालायला लागला.

एक आठवण होती, ती भाषणात कधी आली नव्हती कारण तिला टाळ्या नाहीत. आमच्या तोफांच्या मागं एक नाला होता. सावलीच्या बाजूचा बर्फ जूनमध्येही टिकून होता. एके दिवशी तो खचला आणि खाली बूट दिसला. डाव्या पायाचा. फीत नीट बांधलेली, दुहेरी गाठ. आत पाय नव्हता. आमच्यातल्या कुणाचा नव्हता. रस्त्यावर काम करणाऱ्या एखाद्या मजुराचा असेल, आदल्या हिवाळ्यातला. कुणी म्हणालं फेकून द्या. एका पोरानं तो उचलून दगडावर ठेवला, आणि आम्ही पुन्हा कामाला लागलो. पण गाठ बांधलेल्या बुटातून पाय बाहेर कसा येतो हे मला आजवर उमगलेलं नाही.

त्याची आधी पानभर कविता झाली होती. त्यात मृत्यू होता, आई होती, बर्फाचं कफन होतं. गुरुजींच्या सहा-सहा-सहा-चारमधून गाळून उरलं ते हे:

नाल्याच्या काठाचा
बर्फ वितळला
खाली सापडला
बूट एक

"एक बूट" असंही चाललं असतं, अक्षरं तेवढीच. काही दिवस तसंच ठेवलं होतं. पण स्टोअरच्या यादीत आम्ही वस्तू आधी आणि आकडा मागून लिहायचो: कंबल दोन, पेला एक, बूट जोडी एक. "बूट एक" म्हटलं की जोडीतला दुसरा कुठाय ते वाचणारा आपणच विचारतो. मला पुढं काही सांगावं लागत नाही. बायकोनं वाचलं आणि म्हणाली, "अहो, एवढंच?" म्हटलं, एवढंच.

तिच्याकडून वाचून घेण्याला आणखी एक कारण आहे. तोफांजवळ राहून माझा उजवा कान गेलाय आणि डावा अर्धा. वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. स, श, फ मला नीट ऐकू येत नाहीत. स्वतःची ओळ मोठ्यानं म्हटली तर ती कानापेक्षा जबड्यातून ऐकू येते. त्यामुळे लिहिलेलं तिनं वाचायचं आणि मी तिच्या तोंडाकडे बघत ऐकायचं. ती अडखळली तिथं खूण करायची. कवितेची कार्यशाळा वगैरे म्हणतात ती आमच्या ओट्याजवळ चालते.

लिहिल्यानं मन मोकळं होतं असं पुष्कळ जण छातीठोक सांगतात. माझं सुरुवातीला उलट झालं. रात्री जेवणानंतर लिहायला बसायचो आणि मग झोप नाही. दिवाळीच्या फटाक्यांनी मी पूर्वी दचकायचो, तो आता कुकरच्या शिट्टीनंही दचकायला लागलो. शेवटी ईसीएचएसमधून, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून, डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गोळ्या दिल्या, आणि लिहायचंच असेल तर दिवसा लिहा, वेळ ठरवून लिहा, वही मिटल्यावर हाताला दुसरं काम द्या असं सांगितलं. तेव्हापासून पहाटे लिहितो आणि मग शेळ्यांचं बघतो. कुणी माझ्यासारखा लिहायला बसणार असेल तर त्याला छंद, शैली हे सगळं मागून सांगेन. आधी हे सांगेन की रात्री बसू नकोस.

अभंगांत मी पाहिलेलं सगळं हळूहळू बसलं. तंबूच्या दोरीला लागलेला बर्फ, आंतर्देशीय पत्रावरचा फौजी टपालाचा पत्ता, ५६ एपीओ, चाळीस किलोंवरचा गोळा पोटाशी धरून चालणाऱ्या पोराची चाल. पण त्या मुलाचा प्रश्न होता तिथंच. जे पाहिलं नाही ते अभंगात येईना. ओपीवरून आवाज बंद होतो, तेव्हा वर काय चाललेलं असतं? ते लिहायचं तर रचावं लागणार होतं. फौजेत रचून सांगणाऱ्याला काय म्हणतात ते इथं छापण्यासारखं नाही, आणि माझ्या अंगात ते चोवीस वर्षं मुरलेलं.

पहिली कथा मी एका दिवाळी अंकाला पाठवली. कॅप्टन, हल्ला, विजय, सगळं होतं. संपादकांचं उत्तर आलं, दोन ओळींचं: ही गोष्ट नाही, रिपोर्ट आहे. आठवडाभर मी चिडून होतो. मग वाटलं, रिपोर्ट तर रिपोर्ट. माझी सगळी नोकरी रिपोर्ट लिहिण्यात गेली. मला येतं ते हेच. तेव्हा तोच मजकूर मी कमांड पोस्टाच्या लॉगसारखा लिहून काढला. वेळ आणि निरोप, बाकी काही नाही. लॉगमध्ये भावना लिहायला रकाना नसतो.

०४१० ओपीकडून. टार्गेट तेच. ऍड ५०.
०४१२ तोफा तयार.
०४१३ शॉट.
०४१५ ओपी बोलत नाही.
०४२१ ओपी बोलत नाही.
०४२२ चहा आला.
०४३० ओपी बोलत नाही. चहा तसाच.

खऱ्या लॉगमध्ये चहा कधी येत नाही. माझ्या कथेतला टीए तो लिहायला लागतो, कारण त्याला दुसरं काय लिहावं कळत नाही. एवढी एक गोष्ट रचली आणि पुढची कथा सुटली. त्याच संपादकांनी ती घेतली. शुद्धलेखन सोडून फारसा हात लावला नाही.

त्या कथेतला वर गेलेला रेडिओवाला एका माणसावरून केलेला नाही. एकाचं तोतरेपण घेतलं, ते रेडिओवर आला की गायब व्हायचं. दुसऱ्याची टाचणीनं नखं कोरायची सवय. तिसऱ्याचं मरण. युनिट बदललं, गाव बदललं, आडनाव तर ठेवलंच नाही. ऑफिशियल सिक्रेट्स ऍक्ट निवृत्तांनाही लागू असतो, त्यामुळे तोफा कुठं होत्या, रेडिओची काय पद्धत होती, असलं काही कथेत आणायचं नाही हे आधीच ठरवलं होतं. पण खरं सांगायचं तर कायद्यापेक्षा मला त्या तिसऱ्याच्या वडिलांची धास्ती होती. छापण्याआधी त्यांच्या गावी गेलो. ते खाटेवर बसले, मी वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "ह्यो आमचा न्हाई."

मी गप्प.

"आमच्याला च्या सोसत न्हवता. पित्त व्हायचं. तुमचा च्या पितोय की."

कथेत चहा पीत नाही तो, चहा थंड होतो, आणि तोही खाली, टीएचा. पण मी दुरुस्त करायला गेलो नाही. त्यांनी आपला मुलगा माझ्या गोष्टीतून बाजूला काढून ठेवला होता आणि मला छापायला मोकळं केलं होतं. निघताना त्यांनी शेंगांची पिशवी दिली.

नंतर मी आणि बायको द्रासला जाऊन आलो. उन्हाळ्यात, श्रीनगरहून झोजिला चढून. युद्धस्मारक तोलोलिंगच्या पायथ्याशी आहे. भिंतीवर नावं, वर डोंगर. मी नावं वाचत होतो. बायको एकदम दंडाला धरून म्हणाली, "तेच ना ते?" ती लांबच्या टोकदार सुळक्याकडे बोट दाखवत होती. टायगर हिल. मी ओळखायच्या आत तिनं ओळखलं. १९९९ साली शेजाऱ्यांच्या घरी, धाकट्याला मांडीवर घेऊन, तिनं ते टीव्हीवर बघितलं होतं. कारगिल हे आपल्याकडचं पहिलं टीव्हीवर दिसलेलं युद्ध. डोंगराच्या शेंड्यावर धूर कसा उठायचा, आधी पांढरा ठिपका आणि मग खाली सांडल्यासारखी राख, हे तिनं मला तिथं उभं राहून सांगितलं. सगळा गाव बघत होता म्हणे. मी आकडे काढत होतो आणि ते पडताना बघायला घरचे बसले होते! इतकी वर्षं एका घरात राहून हे कधी बोलणं झालं नव्हतं. मी विचारलं, तुला काय वाटायचं? म्हणाली, "धूर आला की वाटायचं, आत्ता तरी तुम्ही आहात."

हे वाक्य मी जसंच्या तसं दुसऱ्या कथेत घातलं. त्यावर तिनं मानधनात वाटा मागितला आणि घेतला.

दुसरी कथा डोंगराच्या पलीकडची आहे, आणि तिनंच मला जास्त दमवलं. समोर होते ते पाकिस्तानच्या नॉर्दर्न लाइट इन्फंट्रीचे, बरेचसे गिलगिट-बाल्टिस्तानातले. त्यांच्या सरकारनं सुरुवातीला ते आपले सैनिक असल्याचंच नाकारलं. त्यांची कितीतरी प्रेतं आपल्या जवानांनी त्यांच्या धर्माप्रमाणे दफन केली. खिशांत पत्रं, रोजनिश्या सापडल्या. मी त्यांतलं काही पाहिलेलं नाही. पलीकडचा माणूस मला माहीतच नव्हता. मला माहीत होता अलीकडचा एक हमाल, कारगिलच्या बाजूचा, बाल्टी बोलणारा. तो खिशातून वाळलेले जर्दाळू काढून द्यायचा आणि बी फोडून आतला गर खायचा कसा ते दाखवायचा. १९४७-४८ पूर्वी कारगिल आणि स्कार्दू एकाच लडाख वजारतीत, म्हणजे जिल्ह्यात, होते. मग मधे रेषा आली आणि घरं दोन्हीकडे वाटली गेली. त्या हमालाचे नातेवाईक पलीकडे होते. तेव्हा पलीकडचा शिपाई मी त्याच्यावरून बेतला. जर्दाळूची बी दगडावर ठेवून फोडणारा.

पण दगड रचून केलेल्या आडोशात बसलेल्या त्या पोराला गोळा येताना काय वाटतं? इथं मला उसनं आणावं लागलं नाही. पलीकडच्या तोफा आमच्यावरही आग ओकत होत्या. आवाज आला की पोट आत ओढलं जातं, हात आपोआप कानांवर न जाता मानेवर जातो, आणि गोळा दुसरीकडे पडला की आधी आनंद होतो, मग आठवतं की दुसरीकडे आपलंच कुणीतरी आहे. ही माझीच भीती उचलून मी धारेच्या पलीकडे नेऊन ठेवली. आणि गोळा माझ्या टीएच्या हिशेबानं जरा लांब जातो, धार ओलांडून. तो कुठं पडला हे पहिल्यांदाच माझ्या कागदावर आलं. ते पान लिहिलं त्या दिवशी शेळ्या उपाशी राहिल्या.

वाचनालयात ती कथा वाचली तेव्हा मागच्या रांगेतून एक जुना फौजी उठला. "मेजर, पेन्शन कुणाची खाता?" सभागृह चिडीचूप. मी उत्तर दिलं नाही. प्रश्न अस्थानी होता असंही मी म्हणणार नाही. त्यानं १९७१ पाहिलंय आणि त्याला तो हक्क आहे. ते आपल्या हद्दीत घुसले होते, आपला श्रीनगर-लेह रस्ता वरून मोजून मारत होते, हे मी कथेत कुठंही मऊ केलेलं नाही. पण ते खरं आणि जर्दाळूची बीही खरी, हे त्याला उभ्या उभ्या कसं सांगणार? तो अजून वाचनालयात येतो. माझ्याशी बोलत नाही, अंक मात्र घेऊन जातो.

भाषणं मी बंद केलेली नाहीत. घोषणाही देतो, पोरांना हव्या असतात. फक्त आता शेवटी एखादा अभंग म्हणतो आणि प्रश्न विचारा म्हणून सांगतो. बाईंना आधीच सांगून ठेवतो, कुणाला खाली बसवू नका.

सध्या खेचरांवर लिहितोय. वर दारूगोळा, रेशन, पाणी त्यांच्याच पाठीवरून गेलं, आणि त्यांच्याबद्दल भाषणात कुणी चकार शब्द काढत नाही. अडचण अशी की मी त्यांना नेहमी लांबून, रांगेत जाताना पाहिलं. भ्यालेलं खेचर आधी कान पाडतं की पाय रोवतं, अंधारात ते पुढच्याच्या मागं कसं चालतं, हे मला ठाऊक नाही. फौजेत खेचरं सांभाळतात त्या एएससीतल्या (आर्मी सर्व्हिस कोअर) एका जुन्या माणसाला फोन लावला. त्यानं अर्धा तास सांगितलं आणि मग म्हणाला, "फोनवर काय कळणार तुला, दोन दिवस राहायला ये." येत्या आठवड्यात निघतोय. शेळ्यांचं तेवढं बघावं लागेल.